पांढरं छप्पर काळं कुणी केलं?

“धावा! धावा! टेलरमास्तर पडले!”

भोंग्याला भोंगा का म्हणतात, हे गल्लीत कुणालाही समजावून सांगावं लागत नसे. दुपारच्या सामसूम वेळी त्याने अशी काही बोंब ठोकली, की धडाधड दारं उघडली. आत्याच्या घरात जमिनीवर पालथं पडून सहलीचा बेत आखणारी ठिणगी आणि पट्टी नकाशा तिथेच टाकून बाहेर पळाली.

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एकच खोली. ठिणगीने दारात पाऊल ठेवलं आणि गरम हवेचा झोत तिच्या तोंडावर आला. मास्तर मशीनच्या पायाशी भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, शर्ट घामाने चिंब. आत्या आधीच पोचली होती. तिने ओला टॉवेल त्यांच्या मानेवर ठेवला आणि पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

“घोट घोट घ्या मास्तर. घाई नको.”

“काही नाही गं, जरा गरगरलं,” मास्तर पुटपुटले. “खोलीची नुसती भट्टी झालीय.”

आत्याने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “असं कसं होईल? या छपराला आपण पांढरा रंग दिलाय! गल्लीतली बाकीची घरं गार झाली, मग इथेच भट्टी का?”

“काय माहीत!” पट्टी म्हणाला.

“काय माहीत!” भोंगा म्हणाला.

ठिणगीने पत्र्याकडे पाहिलं आणि झटकन नजर खाली वळवली. कारण काय ते तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं, आणि जगात दुसऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. ठिणगीची आत्या रंगारी. भिंती, दारं, खिडक्या रंगवता रंगवता यंदा तिला एक मोठं काम मिळालं होतं. गल्लीमागच्या मोठ्या रस्त्यावर हवामान केंद्र होतं. पृथ्वी तापत चाललीय, तर आपण आपल्या वस्तीत काय करू शकतो, हे तिथली माणसं लोकांना शिकवत आणि करूनही दाखवत. त्यांनी ठरवलं, की वस्तीतल्या सगळ्या पत्र्याच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा. सुरुवात या गल्लीपासून. इथं जमलं, तर पुढची सगळी छपरं आत्याचीच! आत्या इतकी खूश होती, की तिने नवी शिडी आणली आणि शेजारच्या दोन काकूंना हाताखाली घेतलं.

सुट्टीला आलेली ठिणगीही मदतीला. पट्टी हा आत्याचा मुलगा, लांबच लांब आणि सडपातळ, खिशात कायम काहीतरी मोजायचं साधन. शेजारचा भोंगा फुकटचा देखरेखवाला. आत्याचा नियम एकच होता. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही.

मास्तरांच्या छपराचं काम संपत आलं होतं. मागच्या भिंतीकडचा तेवढा एक पट्टा राहिला होता. आत्याने दाट रंगाची शेवटची बादली कालवली आणि म्हणाली, “मी पुढचं घर बघून येते. एवढं तू आणि काकू उरका.” ठिणगी बादली आणायला खाली उतरली. आणि काय लहर आली कोण जाणे! बादली गरागरा फिरवली तर थेंबही सांडत नाही, हे तिने शाळेत पाण्याच्या बादलीवर करून दाखवलं होतं. इथेही फिरवली. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीला हात कडीवरून सटकला आणि अर्धी बादली गटारात!

कुणी पाहिलं नव्हतं. ठिणगीने नळ सोडला, गटार धुऊन काढलं. मग उरलेल्या रंगात पाणी ओतलं, काठीने ढवळलं आणि भरलेली बादली घेऊन गपचूप वर गेली. काकूंनी आणि तिने तो पट्टा रंगवला. तेव्हा तर अगदी छान दिसत होता!

आणि आता मास्तर भिंतीला टेकून बसले होते.

---

दुसऱ्या दिवशी केंद्रातून दोघंजण छप्पर बघायला आले. एक हवामानताई. त्या मुलांना थर्मामीटर कसा धरायचा इथपासून ढग कसे मोजायचे इथपर्यंत सगळं शिकवत. दुसरे केंद्राचे प्रमुखसाहेब. त्यांचे कपडे पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे. बोलताना ते नेहमी समोर माइक असल्यासारखे बोलत.

आत्याने शिडी लावली, फळ्या टाकल्या. सगळे वर गेले आणि बघतात तर काय! गल्लीतली बाकीची छपरं उन्हात डोळे दिपवत होती आणि मास्तरांचं छप्पर मळकं, करडं, मागच्या भिंतीकडे तर चक्क काळपट!

“अरेच्चा!” हवामानताई म्हणाल्या. “इतक्यात?”

पट्टीने थर्मामीटर टेकवला. “बाप रे! शेजारच्या छपराहून कितीतरी जास्त!”

प्रमुखसाहेबांनी घसा साफ केला. “स्पष्टच बोलतो. रंग चांगला नाही. कालवताना काटकसर झालेली दिसते.”

“साहेब, सगळ्या छपरांना एकाच पिंपातला रंग आहे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “माझ्या हातून असं होत नाही.”

“मग छप्पर आपोआप काळं झालं? शनिवारी बाहेरगावचे पाहुणे आपलं काम बघायला येताहेत. तोवर कारण सापडलं नाही, तर पुढची छपरं मला दुसऱ्या रंगाऱ्याला द्यावी लागतील. माझा नाइलाज आहे.”

ठिणगीच्या तोंडचं पाणी पळालं. सांग! आत्ताच्या आत्ता सांग! ती स्वतःलाच म्हणाली. तोंड उघडलंसुद्धा. पण सगळे उन्हात डोळे बारीक करून उभे होते, आत्या खाली बघत होती, आणि ठिणगीच्या तोंडून निघालं काय, तर, “मी... मी पाणी आणू का कुणाला?”

“शहाणी गं माझी बाय,” आत्या म्हणाली.

यापेक्षा एक चपराक बसली असती तर बरं, असं ठिणगीला झालं.

संध्याकाळी तर कहरच झाला. आत्या मागच्या अंगणात बसली होती. पुढ्यात पत्र्याचा जुना तुकडा, पिंपातला रंग, पाणी, मोजायचा मग. ती थोडा रंग कालवायची, तुकड्यावर ओढायची, उजेडात धरून बघायची, पुसायची, पुन्हा कालवायची.

“काय करतेयस आत्या?”

“माझं कुठं चुकलं ते बघतेय.” आत्याने मनगटाने घाम पुसला. “इतकी वर्षं हे करतेय, अंदाज कधी चुकला नाही. आता हात बिघडला की काय माझा? शेजारणींना कामाला बोलावून बसलेय, त्यांना काय सांगू?”

ठिणगी उंबरठ्यावर बसली. समोर आत्याने वाढून ठेवलेलं ताट होतं. न जेवावं तर आत्या विचारणार, काय झालं गं? म्हणून ती जेवली. सगळं ताट संपवलं. आणि नंतर कितीतरी वेळ तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

---

“छप्पर काळं का झालं, ते आपण शोधायचं!” सकाळी पट्टीने जाहीर केलं. “आईचं काम जाऊ द्यायचं नाही.”

“नाही म्हणजे नाही!” भोंगा ओरडला.

“हळू रे! केंद्रापर्यंत ऐकू गेलं असेल.”

ठिणगीने नुसती मान हलवली. तिला या शोधात पडायचं नव्हतं. शोधाच्या शेवटी कोण सापडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं! पण नाही म्हटलं तर संशय. गुमान निघाली बिचारी.

आत्याच्या हाताखालच्या काकू सोबत वर आल्या. पट्टी फळीवर उकिडवा बसला, बोटाला थुंकी लावली आणि पत्र्यावर घासली.

“शी! घाणेरडा!” भोंगा किंचाळला.

“घाणेरडा नाही, शास्त्रज्ञ! हे बघ!”

पट्टीचं बोट काळंकुट्ट झालं होतं. आणि जिथे घासलं, तिथे खाली पांढरा रंग लख्ख दिसत होता!

“रंग उडालेलाच नाही!” पट्टी उडी मारायला निघाला होता, पण फळीची आठवण होऊन जागीच थरथरला. “रंगावर काहीतरी बसलंय! काजळी आहे ही, काजळी!”

“काजळी?” ठिणगीने पुढे होऊन स्वतः बोट फिरवलं. काळं! तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा काळं! तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी नाही! मी केलंच नाही! तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीसुद्धा, भोंग्याच्या वरताण.

खाली मास्तर मशीन सोडून दारात आले. “काय सापडलं रे पोरांनो? अरे, गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा वाळत घातला होता. त्यावरही काळे ठिपके! मला काय काय ऐकवलं त्याने!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मास्तर, तुमच्याकडे पांढऱ्या कापडाच्या चिंध्या आहेत?” ठिणगीने विचारलं. आता तिच्या अंगात वारं संचारलं होतं. “काजळी येतेय कुठून, ते चिंध्याच सांगतील! छपराच्या चारी बाजूंना एकेक बांधायची. जी सर्वांत काळी, त्या बाजूला चोर!”

“वा गं ठिणगे!” मास्तर म्हणाले आणि त्यांनी अस्तराचं गाठोडंच पुढे केलं.

ऊन उतरल्यावर चिंध्या बांधल्या. संध्याकाळ गेली, रात्र गेली. सकाळी चिंध्या होत्या तशाच! भोंग्याचा चेहरा पडला. पण दुपार टळल्यावर पुन्हा पाहिलं तर मागच्या भिंतीकडची चिंधी काळी ठिक्कर. गल्लीकडची मात्र जवळजवळ स्वच्छ.

“म्हणजे चोर दुपारी येतो,” पट्टी म्हणाला, “आणि मागून येतो.”

“मागे तर भिंत आहे. आणि भिंतीपलीकडे...” भोंगा बोलता बोलता थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. “हवामान केंद्र!”

भिंतीवर केंद्राचा भलामोठा फलक होता. ‘थंड छप्पर, थंड घर!’ लोखंडी चौकटीवर ठोकलेला तो फलक आणि भिंत यांच्यात चांगली हातभर फट होती. भोंगा सर्वांत बारका. काकूंनी त्याचे पाय धरले, त्याने फटीत डोकं घातलं.

“काय दिसतंय?”

“पाइप! जाडजूड लोखंडी पाइप! केंद्राच्या अंगणातून वर आलाय आणि तोंड... तोंड इकडेच! आपल्या छपराकडे! आणि ही भिंत बघाल तर नुसती... आ... आ...” पुढचं वाक्य शिंकेत गेलं. तो बाहेर आला, तेव्हा नाकाचा शेंडा काळा होता.

---

“पाइप? जनरेटरचा?” केंद्रात हवामानताई खुर्चीतून उठल्याच. “हो, आहे ना. दुपारी वीज जाते. तेव्हा पृथ्वीच्या तापमानाचा चित्रपट बंद पडायला नको, मोठे कूलर बंद पडायला नकोत, म्हणून साहेबांनी जुना जनरेटर आणला. डिझेलचा. धूर अंगणात कोंडायचा, येणारे लोक खोकायचे. मग साहेब म्हणाले, मी सोय केलीय. आणि धूर यायचा थांबला.”

“थांबला नाही ताई,” पट्टी म्हणाला. “मास्तरांच्या डोक्यावर गेला.”

हवामानताई मटकन खाली बसल्या. “आणि मी रोज इथे उभी राहून शिकवतेय, की आपला धूर शेवटी कुणाच्या घरात जातो याचा विचार करा! एकदाही मागे जाऊन पाहिलं नाही मी.” त्यांचा चेहरा इतका उतरला, की ठिणगीने नजर फिरवली. काजळी सापडली, तरी बादलीची गोष्ट अजून तिच्या मनातून गेली नव्हती, आणि अपराध्याचा चेहरा तिला बघवत नव्हता.

हवामानताई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दाराबाहेर तिघांनी कान टवकारले.

“छे छे! धूर हवेत वर जातो!” आतून साहेबांचा माइकवाला आवाज आला. “एवढ्याशा धुराने छप्पर काळं होतं होय? पोरांच्या कल्पना! शनिवारी पाहुणे आहेत, आता नसतं खूळ नको.”

“बघून तरी या, साहेब.”

“मला वेळ नाही!”

तिघं बाहेर कट्ट्यावर येऊन बसली. पट्टी रागाने फुटपट्टी गुडघ्यावर आपटत होता. भोंगा गालांत हवा भरून बसला होता.

“बघायला वेळ नाही,” ठिणगी हळूच म्हणाली, “पण फोटो काढायला असेल की!”

---

शनिवारी दुपारी, रोज वीज जायच्या सुमारास, पाहुणे आले. केंद्राच्या दारात हवामानताईंनी त्यांचं स्वागत केलं. साहेब तर नव्या पांढऱ्या शर्टात नुसते झळकत होते.

ठिणगी पुढे झाली. “साहेब, पाहुण्यांना आधी खरं छप्पर दाखवायचं का? आत्याने फळ्या टाकून ठेवल्यात. आणि तुमचा फोटो, वर, त्या फलकासमोर! ‘थंड छप्पर, थंड घर’च्या बरोब्बर खाली तुम्ही!”

“फोटो? छपरावर?” साहेबांनी केसांवरून हात फिरवला. छप्पर मळकं आहे, ही आठवण त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेली, पण पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, “अरे वा, मग चलाच!” आणि साहेबांना जावंच लागलं.

पाहुणे मास्तरांसोबत शेजारच्या सिमेंटच्या गच्चीवर उभे राहिले. तिथून सगळं दिसत होतं. साहेब फळीवरून जपून जपून फलकापाशी गेले. पट्टीने कॅमेरा डोळ्याला लावला.

“थोडं मागे साहेब! अजून थोडं. अंहं, हसा ना!”

“काढ लवकर, ऊन आहे!”

“एक मिनिट, तुमची कॉलर!” खालून भोंगा ओरडला. त्याला वरची कॉलर दिसणं शक्यच नव्हतं, पण साहेबांनी ती सारखी केली.

आणि रोजच्यासारखीच वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले. भिंतीपलीकडे शिपायाने नेहमीप्रमाणे जनरेटर चालू केला. घुर्र... घुर्र... फस्स्स! फलकामागून काळ्या धुराचा भलामोठा लोट निघाला आणि साहेबांच्या पाठीवर, डोक्यावर, खांद्यावर उतरला!

“अरे! अरे! हे काय! खॉक्! खॉक्! बंद करा! कोण... खॉक्!”

“हसा साहेब!” पट्टीने फोटो काढला.

धूर जरा विरला, तेव्हा साहेब होते तिथेच उभे होते. नव्या शर्टावर काजळीचे डाग, भुवया काळ्या, डोळ्यांना पाणी. पाहुण्या बाई पदराआड हसत होत्या. गल्लीतली माणसं मात्र उघडउघड हसत होती. हवामानताई हसल्या नाहीत. त्यांनी आत्याच्या हातातली पाण्याची बादली आणि फडकं घेतलं, फळीवर वाकल्या आणि सगळ्यांसमोर पत्रा पुसायला लागल्या. काळं पाणी ओघळलं. खालून पांढरंशुभ्र छप्पर चमकायला लागलं.

“बघा! रंग शाबूत आहे!” पट्टी ओरडला. “आईचं काहीच चुकलेलं नाही!”

टाळ्या पडल्या. आत्याने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. ठिणगीला वाटलं, सुटले! संपलं सगळं!

पण हवामानताई पुसत पुसत भिंतीकडे गेल्या आणि त्यांचा हात थबकला. शेवटचा पट्टा. पुसला, पुन्हा पुसला, काजळी गेली, पण खाली पांढरं नाहीच. रंगाचा जेमतेम पापुद्रा आणि त्यातून डोकावणारा गंजका पत्रा.

साहेबांनी ते पाहिलं. त्यांच्या काळ्या भुवया वर गेल्या.

“आणि हे? हे पण धुराने झालं का?” आवाजात माइक परत आला. “हा रंग पातळ आहे! पाणी घातलंय यात, पाणी! मी म्हणतच होतो, काटकसर झालीय. धुराचं निमित्त करून आपला कच्चेपणा झाकायचा!”

पाहुणे आत्याकडे बघायला लागले. आत्या फळीवर बसली, त्या पट्ट्यावरून तिने बोटं फिरवली.

“हे... हे कसं झालं, मला खरंच कळत नाही,” ती म्हणाली. असं पडल्या आवाजात बोलताना ठिणगीने आत्याला कधी ऐकलं नव्हतं.

गप्प बसलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. सगळे तिला हुशार म्हणत होते, चिंध्यांची युक्ती तिची, फोटोची युक्ती तिची! आता बोललं, की सगळं मुसळ केरात. सुट्टीत इथे पुन्हा कुणी बोलावणारही नाही. पण आत्याची बोटं अजून त्या पातळ रंगावरून फिरतच होती.

“पाणी मी घातलं!”

कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. “पाणी मी घातलं! मी बादली फिरवत होते. मस्तीत. अर्धा रंग गटारात सांडला. मग मी नळाचं पाणी भरलं आणि कुणालाच सांगितलं नाही. आत्याने दाटच कालवला होता. तिची काही चूक नाही. माझी आहे. मास्तर... मास्तर, तुम्ही पडलात त्यात मी पण आहे.”

बोलता बोलता तिला रडू फुटलं. पट्टी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

साहेब काहीतरी बोलायला गेले. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे, मग त्या पाइपाकडे. खिशातून रुमाल काढला. तो पांढरा होता. त्यांनी तोंड पुसलं आणि काळा झालेला रुमाल बराच वेळ बघत राहिले.

“पाइप इकडे वळवायला मी सांगितलं होतं,” अखेर ते म्हणाले. यावेळी आवाजात माइक नव्हता. “आपल्या अंगणात धूर नको, एवढंच पाहिलं. भिंतीपलीकडे कोण राहतं, ते पाहिलं नाही. परवा ताई सांगत होत्या, तेव्हाही ऐकलं नाही. मास्तर, मला माफ करा. जनरेटर आजच्या आज बंद. वीज गेली तर चित्रपट थांबेल, थांबू दे. झाडाखाली बसून शिकवू.” मग ते आत्याकडे वळले. “बाई, पुढची सगळी छपरं तुमचीच. मी उगाच आरोप केला.”

मग एकच गलका झाला! पाहुण्या बाईंनी पट्टीची आणि वर धावत आलेल्या भोंग्याची पाठ थोपटली. हवामानताई म्हणाल्या, “चिंध्यांचा हा प्रयोग मी आता प्रत्येक वर्गात शिकवणार!” मास्तर ठिणगीजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नकोस गं. तू बोललीस म्हणून निकाल लागला.”

सगळे बोलले. आत्या बोलली नाही. तिने फडकं पिळलं, शिडी धरली आणि पाहुण्यांना एकेक करून खाली उतरवलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत आत्या मास्तरांच्या छपरावर होती. ठिणगी न बोलावता मागोमाग गेली. खराट्याने पट्टा घासला, धुतला, वाळू दिला. आत्या लागेल तेवढंच बोलत होती. खराटा दे. बाजूला हो. फळी सरकव.

ठिणगीला राहवेना. “आत्या, तू मला रागव ना. मार हवं तर!”

आत्याने हातातलं काम थांबवलं. “रंग सांडल्याचा मला राग नाही गं. रंगाऱ्याच्या घरात रंग सांडतोच. पण इतके दिवस मी माझ्याच हातावर संशय घेत होते. त्या संध्याकाळी मी अंगणात बसून रडायची तेवढी राहिले होते, आणि तू समोर बसून जेवत होतीस.”

ठिणगीने खाली मान घातली आणि टपटप आसवं पत्र्यावर पडायला लागली.

मग आत्याने वर आणलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण काढलं, बादलीत रंग ओतला, पाणी घातलं, ढवळलं. आणि काठी ठिणगीच्या हातात दिली.

“बघ बरं, एवढं पुरे?”

ठिणगीने नाक पुसलं. काठी बुडवली, वर उचलली, ओघळ किती वेगाने उतरतो ते बघितलं. मन म्हणत होतं, हो म्हण, आत्याने कालवलंय ना! पण ओघळ जरा भरभर उतरत होता.

“थोडं... थोडं पातळ वाटतंय, आत्या.”

आत्याने बादलीत निरखून पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी हसू आलं.

“हं. मुद्दामच घातलं होतं जास्त,” ती म्हणाली. “घाल अजून रंग. आणि हा पट्टा तूच ओढ, मी बघत नाही.” मग खाली वाकून ती ओरडली, “ओ मास्तर! इथलं काम माझी भाची करतेय. खोली गार नाही झाली, तर तिलाच पकडा!”

“पकडतो की!” खालून मास्तरांचं मशीन थांबलं. “पण मला वाटतं, पकडायची वेळ येणार नाही!”

ठिणगीने दोन्ही हातांनी बादली उचलली आणि फळीवरून सावकाश, अगदी सावकाश, भिंतीकडे निघाली.